सी-५ कॉर्व्हेट: एकदा उघडलीच आहे तर…

शेवरोलेच्या कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारच्या पाचव्या पिढीत, म्हणजे १९९७ ते २००४ या मॉडेल-वर्षांच्या सी-५ मध्ये, सुटा भाग सहसा महाग नसतो. महाग असतो तो त्या भागापर्यंत पोचायचा रस्ता. शंभर-दोनशे डॉलरच्या पुलीसाठी स्टिअरिंग रॅक हलवावी लागते, आणि क्लचची प्लेट बदलायला गाडीचा मागचा अर्धा भाग खाली उतरवावा लागतो. त्यामुळे या गाडीचं वेळापत्रक ‘इतके मैल झाले की हे बदला’ अशा तक्त्यावर चालत नाही. आज कुठलं दार उघडतोय, आणि उघडलंच आहे तर आत आणखी काय उरकून घ्यायचं, असं विचारून चालतं. मॉडिफिकेशनचंही तेच. कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदलायचाच असेल तर तो त्याच दिवशी बदला, ज्या दिवशी डगमगती पुली काढायला तुम्ही नाइलाजाने तिथे पोचला आहात.

माझी गाडी २००२ ची झेड-०६, म्हणजे सी-५ ची जास्त ताकदीची आवृत्ती, इलेक्ट्रॉन ब्लू रंगाची. आत एलएस६ इंजिन, ४०५ हॉर्सपॉवरचं. साध्या सी-५ मध्ये एलएस१ असतं, २००० पर्यंत ३४५ आणि पुढे ३५० हॉर्सपॉवर. दोन्ही ५.७ लिटरची, ब्लॉक आणि हेड दोन्ही अॅल्युमिनिअमचे. खाली लिहिलेलं बहुतेक सगळं दोघांनाही लागू आहे. फरक आहे तिथे सांगते. मी पोटापाण्यासाठी ओहायोतल्या अॅक्रनजवळ एका मशीन शॉपमध्ये मोजमापाचं काम करते, त्यामुळे टॉर्क रेंचबद्दल (बोल्ट मोजून आवळायचा पाना) माझा सूर जरा मास्तरणीचा लागेल. तेवढं चालवून घ्या.

आधी उचलायची कशी

ही गाडी इतकी खाली बसते की साधा जॅक आत जातच नाही. पुढची चाकं दोन फळ्यांवर चढवा, मग जॅक सरकवा. फ्रेमला खालून चार लांबट खाचा आहेत, प्रत्येक चाकाजवळ एक. त्यांत बसणारे रबरी किंवा अॅल्युमिनिअमचे गोल ठोकळे, ‘पक’, मिळतात. ते बसवा आणि जॅक फक्त त्यांवरच लावा. दाराखालच्या पॅनलवर जॅक लावलात तर तडा जाणार. खालचा फ्लोअर म्हणजे दोन पातळ थरांमध्ये बाल्सा लाकूड भरलेलं सँडविच आहे, त्यालाही जॅकचं तोंड दाखवू नका. आणि चाकांमध्ये आडवी दिसणारी ती काळी पट्टी म्हणजे कंपोझिट लीफ स्प्रिंग. ती उचलायला सोयीची दिसते, म्हणूनच सांगते, तिच्यावर अजिबात नाही.

फ्रेम इतकी ताठ आहे की पुढचा एक कोपरा उचलला की त्याच बाजूचं मागचं चाकही वर येतं. पहिल्यांदा बघताना धस्स होतं, पण ते तसंच असतं. फक्त दुसरीकडच्या चाकांना आधीच अडण्या लावलेल्या असू द्या, आणि जॅक स्टँडशिवाय खाली डोकं घालू नका. चाकाचे नट शेवटी गाडी जमिनीवर टेकवून, चांदणीच्या क्रमाने, १०० फूट-पौंडांना. इम्पॅक्ट गनने ‘कर्रर्र’ करून सोडून देणारी माणसं माझ्या गॅरेजमध्ये चहा पितात, पान्याला हात लावत नाहीत.

दार न उघडता होणारी कामं

गाडी नवी घेतली असेल तर पहिल्या शनिवारी गाडीलाच तिची तक्रार विचारा. स्कॅनरही लागत नाही. किल्ली ऑन करा, इंजिन चालू करू नका. डॅशवर आलेल्या सूचना ‘रीसेट’ दाबून घालवा. मग ‘ऑप्शन्स’ बटण दाबून धरा आणि ते न सोडता ‘फ्युएल’ चार वेळा दाबा. डिस्प्लेवर एकेका मॉड्यूलचं नाव आणि त्याचे कोड सरकू लागतात. कोडच्या शेवटी ‘सी’ असेल तर दोष आत्ताचा, ‘एच’ असेल तर जुना, साठवून ठेवलेला. सगळे लिहून घ्या, मग पुसा, आठवडाभर गाडी चालवा आणि परत बघा. जे परत आले तेवढेच खरे. बॅटरी एकदा पूर्ण उतरली की या गाड्या डझनभर खोटे कोड साठवतात, आणि लोक त्यांच्यामागे धावत मॉड्यूल बदलत बसतात.

त्या यादीत ब्रेक मॉड्यूलखाली सी१२१४ दिसला तर मात्र थबका. एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोलच्या मॉड्यूलचा हा प्रसिद्ध दोष. २००१ ते २००४ चं मॉड्यूल जीएमने (जनरल मोटर्स, शेवरोलेची मूळ कंपनी) बनवणं बंद केलं आहे, त्यामुळे दुरुस्ती करून देणारा तरी शोधायचा नाहीतर जुनं मिळवायचं. गाडी विकत घेण्याआधीच हा कोड दिसला तर भावात घासाघीस करायला याहून चांगलं कारण नाही.

बॅटरी उजवीकडे, इंजिन बेच्या मागच्या कोपऱ्यात बसते, आणि तिच्या बरोबर खाली इंजिनचा कॉम्प्युटर. बॅटरीतून अॅसिड झिरपलं की ते वायरिंगवर, व्हॅक्यूमच्या नळ्यांवर आणि थेट त्या कॉम्प्युटरवर उतरतं. बॅटरी बाहेर काढून खालचा ट्रे बघा. पांढरी-हिरवट पूड दिसली तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ती जागा धुवा, वायरचं कवच चिवडून आतली तांब्याची तार काळी पडली आहे का ते तपासा. पुढच्या वेळी एजीएम बॅटरी घ्या, ती गळत नाही. याच फेरीत फ्रेमवरच्या अर्थिंगचे बोल्ट सोडवून, घासून, परत आवळा. या गाडीतले निम्मे ‘भुताटकी’ दोष अर्थिंगचे असतात.

पेट्रोलचा काटा अचानक शून्यावर जातो, थोड्या वेळाने परत वर येतो? टाकी फुटलेली नाही. सी-५ ला दोन टाक्या आहेत, सीटच्या मागे दोन्ही बाजूंना, आणि पेट्रोलमधल्या गंधकामुळे त्यांच्यातल्या पातळी मोजणाऱ्या सेंडरच्या पट्ट्यांवर थर जमतो. टेक्रॉनसारखं पॉलिथरअमाइन असलेलं क्लीनर एकदा भरलेल्या पेट्रोलमध्ये टाकून बघा. बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. नाही भागलं तरच टाकी उघडायचा विचार करा.

हेडलाइट उघडल्यावर मोटर काही सेकंद घरघरत राहिली तर आतलं प्लास्टिकचं गिअर झिजलंय. पितळी गिअर घ्या, एका दुपारचं काम. ही पॉप-अप दिवे असलेली शेवटची कॉर्व्हेट. २००५ पासून कॉर्व्हेटचे दिवे काचेआड गेले. त्यामुळे उघड-मीट चालू राहिली पाहिजे असा माझा हट्ट आहे, त्यात व्यवहार काही नाही.

‘पुल की, वेट टेन सेकंड्स’ असं डॅशवर आलं तर तो स्टिअरिंग कॉलम लॉकचा दोष. लॉक उघडलं नाही असं गाडीला वाटलं की ती चालू होते, पण हलायला लागली की इंधन तोडते. जीएमने यासाठी रिकॉल काढले होते. ते झालंय का हे डीलरकडे गाडीचा व्हीआयएन (चासी क्रमांक) देऊन विचारा. बाजारात बायपासचे छोटे मॉड्यूलही मिळतात, आणि ते लावायला तासभर पुरतो.

आता थंडपणाचं. सी-५ समोरून नाही, खालून श्वास घेते. नाकाखाली रबराची तीन तुकड्यांची पट्टी लोंबते, ती हवा वर रेडिएटरकडे वळवते. पार्किंगच्या ठोकळ्यांवर घासून ती फाटते, आणि मालक ‘बरं झालं, आवाज तरी थांबला’ म्हणून काढून टाकतो. मग गावात गाडी ठीक चालते आणि हायवेवर ताशी सत्तर मैलांच्या वेगाला तापमानाचा काटा चढू लागतो. आधी ती पट्टी बघा. नंतर वरचं कव्हर काढून एसी कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधली फट टॉर्चने बघा. पानं, पिसं, प्लास्टिकच्या पिशव्या, सगळं खालून ओढलं जाऊन तिथे अडकतं. पूर्ण साफ करायचं तर रेडिएटर मागे सरकवावा लागतो, पण ते एकदा केलंत की नवा मोठा रेडिएटर घ्यायची इच्छा बहुधा मावळते. पंखे कारखान्याच्या सेटिंगला सुमारे २२६ अंश फॅरनहाइटला पहिल्या वेगाने आणि २३५ ला पूर्ण वेगाने फिरतात, म्हणून उभ्या गाडीत २२० दिसलं की घाबरायचं कारण नाही.

क्लचचं तेल हे या गाडीतलं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित काम. क्लच दाबणारा स्लेव्ह सिलिंडर बेलहाउसिंगच्या (इंजिनमागच्या घंटेसारख्या कव्हरच्या) आत, शाफ्टभोवती बसतो. तिथली धूळ सीलवरून तेलात शिरते आणि हळूहळू वरच्या तेलाच्या डबीपर्यंत येते. डबी उघडून तेल काळं शाईसारखं दिसलं तर पिचकारीने उपसा, डबी आतून पुसा, नवं डीओटी ३ किंवा ४ भरा, झाकण लावून पेडल वीस-तीस वेळा दाबा आणि परत उपसा. तेल स्वच्छ राहीपर्यंत हेच. डबीचा तळ कधी उघडा पडू देऊ नका, हवा शिरली तर ती बाहेर काढायच्या ब्लीडरपर्यंत पोचणं हे एक स्वतंत्र दुखणं आहे. जोरात गिअर बदलताना पेडल जमिनीला चिकटून राहतं, म्हणून कित्येकांनी नवे क्लच बसवले आहेत. त्यातल्या बऱ्याच जणांना एक डबी तेल पुरलं असतं.

इंजिन ऑइल सिंथेटिक ५डब्ल्यू-३०, फिल्टरसकट साधारण साडेसहा क्वार्ट. एलएस६ थोडं ऑइल पितं, विशेषतः वरच्या आरपीएमला, त्यामुळे दर दुसऱ्या पेट्रोल भरण्याला डिपस्टिक बघायची सवय लावा. इंजिनमधली वाफ परत इनटेककडे नेणाऱ्या पीसीव्हीच्या नळीत कॅच कॅन (ऑइल अडवणारा डबा) बसवलात तर इनटेकमध्ये जाणारं ऑइल डब्यात जमतं. हे माझ्या मते या गाडीतलं पहिलं मॉडिफिकेशन असावं, आणि त्याने एकही हॉर्सपॉवर वाढत नाही.

ऑइल प्रेशरचा काटा एकदम ८० वर चिकटला किंवा शून्यावर पडला आणि इंजिन मात्र शांत चालतंय, तर संशय सेन्सरवर घ्या. तो इंजिनच्या मागच्या बाजूला, इनटेक मॅनिफोल्डखाली दडलेला असतो. पण संशयावर थांबू नका. यांत्रिक गेज लावून खरं प्रेशर मोजा, मगच गाडी हलवा. इनटेक मॅनिफोल्ड उघडलंच तर खालच्या कव्हरमधले दोन नॉक सेन्सर (इंजिनची ठकठक ओळखणारे) बघून घ्या. तिथे पाणी साचून ते गंजतात. मॅनिफोल्डचे बोल्ट दोन फेऱ्यांत, आधी ४४ आणि मग ८९ इंच-पौंडांना. फूट-पौंड समजून आवळलेत तर प्लास्टिकचा तो मॅनिफोल्ड जागीच राम म्हणेल.

पुढचं दार: पुली, कॅम, स्प्रिंग

इंजिन चालू ठेवून पुढच्या मोठ्या पुलीकडे बघा. बाहेरची कडा लाटेसारखी हलताना दिसते? हा हार्मोनिक बॅलन्सर. आतला गाभा आणि बाहेरचं वलय यांच्यात रबर असतं, ते म्हातारं झालं की वलय सरकू लागतं. आधी बेल्ट खातं, मग पुढचं कव्हर घासतं. वाट बघण्यासारखा दोष नाही.

बॅलन्सर स्टिअरिंग रॅकच्या मागे आहे, म्हणून रॅक सोडवून बाजूला घ्यावी लागते, काही जण पुढचा क्रेडल (इंजिन आणि सस्पेन्शन धरणारी चौकट) थोडा खाली उतरवतात. स्टिअरिंगचा शाफ्ट सोडवण्याआधी चाकं सरळ करा, जोडावर रंगाने खूण करा आणि सीट बेल्ट स्टिअरिंगच्या चाकातून ओवून ते बांधून ठेवा. शाफ्ट सुटलेला असताना चाक गरगर फिरलं तर एअरबॅगची आतली गुंडाळलेली तार तुटते.

बॅलन्सर क्रँकशाफ्टवर निव्वळ दाबाने बसतो, त्याला जागी अडवणारी धातूची चावी नसते. त्यामुळे त्याचा बोल्ट हा या इंजिनातला सर्वांत महत्त्वाचा बोल्ट. फ्लायव्हील अडवायचं साधन लावा, पुलरने जुना बॅलन्सर काढा. नवा बसवताना हातोडी जवळसुद्धा आणू नका, बसवायचं योग्य साधन वापरा. मग जुना बोल्ट लावून २४० फूट-पौंडांपर्यंत आवळा, म्हणजे बॅलन्सर पूर्ण आत जातो. तो बोल्ट काढून फेका. नवा बोल्ट ३७ फूट-पौंडांना, आणि त्यानंतर आणखी १४० अंश. हा बोल्ट ताणून पकड घेणारा आहे, दुसऱ्यांदा वापरला की तो पकड घेईलच याचा भरवसा नाही. बोल्टच्या डोक्यावर आणि पुलीवर रंगाची एक रेघ ओढून ठेवा. पुढे कधी शंका आली तर टॉर्चने बघून कळतं.

आता खरा मुद्दा. बॅलन्सर बाहेर आहे, रॅक हललेली आहे. रेडिएटर काढला की समोरचं कव्हर, टायमिंग चेन, ऑइल पंप आणि कॅमशाफ्ट हाताच्या अंतरावर येतात. पुढचं ऑइल सील तर बदलाच. चेन बदला. पंप बदलणार असाल तर ऑइल ओढणाऱ्या पिकअप नळीचं ओ-रिंग योग्य आकाराचं आहे आणि बसवताना चिमटलं नाही याची दोनदा खात्री करा. चिमटलेल्या ओ-रिंगमधून पंप हवा ओढतो, आणि नव्या पंपाचं प्रेशर जुन्यापेक्षा कमी निघतं.

कॅमसाठी एलएस इंजिनात हेड काढावे लागत नाहीत. रॉकर आणि पुशरॉड काढा, कॅम हाताने दोन-तीन फेरे फिरवा. लिफ्टर (कॅमवर टेकून पुशरॉड ढकलणारे दट्टे) वर जाऊन आपापल्या प्लास्टिकच्या ट्रेमध्ये अडकून बसतात. ट्रे जुने आणि सैल असतात, म्हणून कॅमच्या भोकाच्या दोन्ही बाजूंना ज्या तेलाच्या लांब वाटा आहेत त्यांत गुळगुळीत सळया सरकवून लिफ्टरना खालून आधार द्या. एक लिफ्टर खाली पडला तर ऑइल पॅन उतरवायची वेळ येते, आणि सी-५ मध्ये ते काम कोणी शत्रूलाही देऊ नये. कॅम सरळ, सावकाश, गोल फिरवत बाहेर. नव्याच्या लोब्सना असेंब्ली ल्यूब चोपडून तसाच आत. चेन लावताना, घड्याळाच्या हिशेबाने, कॅमची खूण सहावर आणि क्रँकची बारावर, समोरासमोर. रॉकरचे बोल्ट २२ फूट-पौंड, तो कॅम त्या सिलिंडरवर आपल्या खालच्या गोलाईवर असतानाच.

कुठला कॅम? २००२ ते २००४ च्या एलएस६ चा मूळ कॅम इनटेकला २०४ आणि एक्झॉस्टला २१८ अंश ड्युरेशनचा (व्हॉल्व्ह उघडा राहण्याचा काळ), ११७.५ अंश लोब सेपरेशनचा आहे. एलएस१ वाल्यांनी हाच बसवला तरी फरक कळतो, आणि गाडी ट्रॅफिकमध्ये शहाण्यासारखी वागते. यापेक्षा मोठा घ्यायचा तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यातलं अंतर मोजल्याशिवाय नको. ‘बसतो, सगळ्यांनी बसवलाय’ हे मोजमाप नव्हे. उभ्या गाडीत डुगडुगणारा मोठा कॅम ऐकायला छान वाटतो, पण रोज ऑफिसला जायचं असेल तर तीन महिन्यांत त्याच आवाजाचा कंटाळा येतो.

कॅम असो वा नसो, व्हॉल्व्ह स्प्रिंग बदलाच. एलएस६ च्या पिवळ्या स्प्रिंग तुटण्यासाठी बदनाम आहेत, आणि तुटली की व्हॉल्व्ह पिस्टनवर. सिलिंडरमध्ये स्पार्क प्लगच्या भोकातून दाबाची हवा भरली की व्हॉल्व्ह वरच राहतो आणि हेड न काढता स्प्रिंग बदलता येते. मागचे दोन सिलिंडर विंडशील्डखालच्या कोंदट जागेत आहेत, तिथे वेळ जातो. रॉकर हातात आहेतच, तर त्यांच्या ट्रनियनमधलं (रॉकरच्या धुरीतलं) सुईबेअरिंगही बदलून घ्या. मूळ बेअरिंगच्या सुया सुटून थेट ऑइलमध्ये पडतात.

प्लग बदलताना इंजिन गार हवं. अॅल्युमिनिअमचे आटे गरम असताना प्लग काढलात तर आटेच सोबत येतील. गॅप ०.०४० इंच, आवळणी ११ फूट-पौंडांच्या आसपास. हेडर (मूळच्यांच्या जागी बसवलेले मोकळे एक्झॉस्ट पाइप) लावले असतील तर प्लगच्या वायरना उष्णतेचे मोजे घाला.

मागचं दार: क्लच आणि टॉर्क ट्यूब

या गाडीत इंजिन पुढे आणि गिअरबॉक्स मागे, डिफरन्शियलला जोडलेला. दोघांना जोडणारी लांब नळी म्हणजे टॉर्क ट्यूब, तिच्या आत फिरणारा शाफ्ट, बेअरिंग आणि दोन्ही टोकांना रबराचे कपलिंग. वजन पुढे-मागे जवळपास सारखं वाटलं जातं ते यामुळेच. आणि क्लच पुढे इंजिनला लागून असल्याने, क्लचसाठी एक्झॉस्ट, मागचा क्रेडल, डिफरन्शियल, गिअरबॉक्स आणि टॉर्क ट्यूब या क्रमाने सगळं उतरतं.

हे काम घरी जॅक स्टँडवर होतं. मी केलंय, पण लिफ्ट आणि एक जास्तीचा माणूस मिळत असेल तर शहाणपण दाखवा. ओहायोत रस्त्यांवर हिवाळ्यात मीठ पसरतात. बॉडी फायबरची, क्रेडल अॅल्युमिनिअमचा, म्हणून गंज दिसत नाही. पण त्यातले पोलादी बोल्ट मात्र आत रुतून बसलेले असतात. आठवडाभर आधीपासून रोज भेदक तेल मारत राहा.

उतरलीच आहे तर यादी अशी: क्लच, प्रेशर प्लेट, पायलट बेअरिंग, स्लेव्ह सिलिंडर (जुना चांगला दिसत असला तरी), स्लेव्हला जोडलेली बाहेर काढता येणारी ब्लीडर नळी, इंजिनचं मागचं सील, टॉर्क ट्यूबचे दोन्ही कपलिंग आणि बेअरिंग. कपलिंगच्या बोल्टच्या भोकांभोवती रबर निरखून बघा. बारीक चिरा दिसल्या तर ते संपलेलं आहे. न्यूट्रलमध्ये कन्सोलखालून येणारी खडखड बहुधा इथली असते. नवं फ्लायव्हील बसवताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: कारखान्यात इंजिनचा समतोल फ्लायव्हीलसकट साधलेला असतो, त्यात छोटी वजनं ठोकलेली असतात. जुन्याची क्रँकवरची जागा खुणा करून ठेवा आणि नवं फ्लायव्हील त्याच्याशी मॅच-बॅलन्स करून घ्या. नाहीतर चार हजार आरपीएमला गाडी अशी थरथरते की आरशात काही दिसत नाही.

सहा गिअरच्या टी-५६ ला डेक्सरॉन जातीचं ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड लागतं, गिअर ऑइल नाही. डिफरन्शियलला ७५डब्ल्यू-९० सिंथेटिक, सोबत लिमिटेड-स्लिपचं अॅडिटिव्ह. ते विसरलात तर पार्किंगमध्ये वळताना मागून कण्हणं ऐकू येईल. ड्रॅग टायर लावून उभ्या जागेवरून क्लच सोडायची हौस असेल, तर आधी या डिफरन्शियलच्या आउटपुट शाफ्टसाठी पैसे बाजूला काढा, ते तुटतात.

ट्रॅकवर न्यायची तर

पॉवर वाढवण्याआधी टायर आणि ब्रेक. यावर माझं मत बदलत नाही. झेड-०६ ला पुढे २६५/४० आर१७ आणि मागे २९५/३५ आर१८ येतात. साध्या सी-५ ला २४५/४५ आर१७ आणि २७५/४० आर१८. टायरवरचे शेवटचे चार आकडे बघा, आठवडा आणि वर्ष. नक्षी कितीही खोल असली तरी दहा वर्षांचा टायर हा टायर नसतो. पुढच्या-मागच्या व्यासाचं प्रमाण मूळच्या जवळ ठेवा, नाहीतर अॅक्टिव्ह हँडलिंग (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) सरळ रस्त्यावरसुद्धा ब्रेक चाचपडू लागतं.

ब्रेकसाठी चांगले पॅड, आणि उच्च उत्कलनबिंदूचं ताजं फ्लुइड. मोतुल आरबीएफ ६०० चा कोरडा उत्कलनबिंदू ३१२ अंश सेल्सिअस आहे, पण ओलावा शोषल्यावर तो २०५ च्या आसपास उतरतो. म्हणून ट्रॅकवर जाणाऱ्याने ते दर सीझनला बदलावं. पेडल दाबायला माझी लेक बसते. ‘दाब’, ‘धर’, ‘सोड’ एवढे तीनच शब्द, दुसरं बोलणं नाही. भोकं पाडलेले रोटर दिसायला देखणे, पण ट्रॅकवर भोकापासून चिरा सुटतात. साधे सपाट घ्या आणि वाचलेले पैसे पॅडमध्ये घाला.

ऑइल मात्र खरी काळजी. चिकट टायर लावले की लांब वळणात ऑइल पॅनच्या बाजूंना पसरलेल्या पंखांत एका बाजूला सरकतं आणि पिकअप कोरडा पडतो. लेक्सिंग्टनच्या मिड-ओहायो ट्रॅकवर शेवटाकडे कॅरोसेल नावाचं लांबलचक उजवं वळण आहे. तिथून बाहेर पडताना ऑइल प्रेशरच्या आकड्याकडे एक नजर टाकायची सवय ठेवा. ट्रॅकच्या दिवशी अर्धा ते एक क्वार्ट ऑइल जास्त भरा, घरी परतल्यावर कॅच कॅन रिकामा करा. रेसिंग टायरवर जाणाऱ्यांनी दाबाखाली ऑइल साठवणारी अॅक्युसंप टाकी बसवावी. आणि पुढचे व्हील हब प्रत्येक वेळी घरून निघण्याआधी हलवून बघा: चाक वर-खाली धरून हलवलं आणि टकटक लागली तर त्या दिवशी जाणं रद्द.

गाडी खाली बसवायची असेल तर पुढे लीफ स्प्रिंगच्या मूळच्या अॅडजस्टरवर, मागे जास्त लांब बोल्ट लावून ते होतं, नव्या स्प्रिंग लागत नाहीत. त्यानंतर अलाइनमेंट सक्तीचं, आणि करताना सीटवर तुमच्या वजनाइतकं वजन ठेवायला सांगा.

हेडर, कायदा आणि ट्यून

लाँग-ट्यूब हेडर हे एलएस१ वरचं सर्वांत लोकप्रिय मॉडिफिकेशन, आणि सर्वांत अडचणीचंही. ते लावले की मूळ जागेवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसत नाही. रस्त्यावरच्या गाडीतून कन्व्हर्टर काढणं हे फेडरल क्लीन एअर अॅक्टच्या विरुद्ध आहे, तुमच्या काउंटीत (जिल्ह्यात) धुराची तपासणी असो वा नसो. कॅलिफोर्नियात तर भागावर कार्बचा (कॅलिफोर्निया एअर रिसोर्सेस बोर्ड) एक्झिक्युटिव्ह ऑर्डर नंबर लागतो, नसेल तर स्मॉग चाचणीत गाडी बसणार नाही. आमच्याकडे ईशान्य ओहायोतल्या सात काउंट्यांत ई-चेक ही धुराची तपासणी आहे. तिथे डॅशखालच्या ओबीडी कनेक्टरला वायर लावून मॉनिटर (गाडीने स्वतःच्या धुराच्या यंत्रणेवर घेतलेल्या चाचण्या) ‘रेडी’ आहेत का ते बघतात. ट्यूनमध्ये मागचे ऑक्सिजन सेन्सर बंद करून टाकलेले असले की तिथे गोम उघडी पडते. बॅटरी सोडवल्यावरही मॉनिटर पुसले जातात, म्हणून बॅटरीचं काम आणि ई-चेक एकाच आठवड्यात नको. झेड-०६ वाल्यांना एक सूचना: मूळ मागचा एक्झॉस्ट टायटॅनिअमचा आहे, हलका आहे. तो काढलात तरी भंगारात देऊ नका.

कॅम किंवा हेडरनंतर ट्यून, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची नवी जुळणी, लागतोच. एचपी ट्यूनर्स किंवा ईएफआयलाइव्हने मूळ कॉम्प्युटरच परत लिहिता येतो. डायनोवर (गाडीची ताकद मोजणाऱ्या रोलरवर) वाइडबँड सेन्सर लावून हवा-इंधनाचं प्रमाण बघणारा माणूस शोधा. ईमेलवर फाइल पाठवणाऱ्याला तुमची गाडी दिसत नसते. ट्यून करतानाच पंख्यांचं तापमान खाली आणून घ्या. आणि सगळ्यात आधी, काही बदलण्यापूर्वी, कॉम्प्युटरमधली मूळ फाइल वाचून तिच्या दोन प्रती काढायला लावा. एक स्वतःकडे, एक गाडीच्या कागदपत्रांबरोबर पेन ड्राइव्हवर, म्हणजे विकताना ती पुढच्या मालकाकडे जाईल.